चोरीची जास्वंद

हिरामण म्हात्रे चोरी करील, असं रोह्यात कुणी म्हटलं असतं तर लोकांनी म्हणणाऱ्यालाच वेड्यात काढलं असतं. धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझर, ‘कुंडलिका दर्शन’ सोसायटीचा सेक्रेटरी, आणि सोसायटीच्या बागेत ‘फुले, पाने, फांद्या तोडू नयेत, तोडल्यास दंड’ ही पाटी लावणारा गृहस्थ. त्यातला ‘फांद्या’ हा शब्द तर त्यानं मीटिंगमध्ये भांडून घालून घेतला होता. तळमजल्यावरच्या विमलबाई म्हणाल्या होत्या, “भाऊ, फुलं-पानं पुरे की! फांद्या कशाला आणि?” त्यावर हा म्हणाला, “नियम म्हणजे नियम. पळवाट नाय ठेवायची.” पाटीला चार वर्षं झाली नाहीत तोच या गृहस्थाला स्वतःलाच पळवाट लागली, आणि ती त्यानं स्वतःच बुजवलेली होती.

झालं असं, की त्याची बायको सरू लेकीच्या बाळंतपणाला डोंबिवलीला निघाली. खरं तर लेकीनं, म्हणजे प्रतिक्षानं, माहेरी यायचं. पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं, तेव्हा माहेरच पिशव्या भरून तिच्याकडे निघालं. निघताना सरूनं गॅस, दूध, पाण्याची टाकी असल्या किरकोळ गोष्टींवर वेळ घालवला नाही. ती गॅलरीतल्या कुंडीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “बाकी काय व्हायचं ते होऊ दे, ही जास्वंद सांभाळा. गणपतीला पहिलं फूल हिचंच जातं. आईची हाय.”

आईची, म्हणजे सरूच्या आईची. गोदूबाईंची. गोदूबाई जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची जास्वंद मात्र दरवर्षी नेमानं फुलायची. आणि ती साधीसुधी जास्वंद नव्हे बरं का. गडद लाल, भरगच्च पाकळ्यांची, आणि फुलाच्या मधूनच आणखी एक छोटं फूल वर निघालेलं. तसली बाजारात मिळत नाही. नर्सरीवाला फोटो बघून “मागवून देतो” म्हणतो आणि पुढच्या वेळी भेटला की ओळख दाखवत नाही.

हिरामणचा या जास्वंदीवर थोडा राग होता. झाडावर कसला राग, असं कुणीही विचारील. पण घरात परात सरूच्या आईची, लोणच्याची बरणी सरूच्या आईची, पुरणाचं यंत्र सरूच्या आईचं, आणि वर गॅलरीतलं झाडही तिचंच. हिरामण मूळचा पेणचा. त्याचं घर अंगणाविहिरीसकट रस्तारुंदीत गेलं, त्याच्या आधी वर्षभर आई गेली. दरवर्षी गणपतीची मूर्ती आणायला पेणच्या कारखान्यात जाताना घर होतं त्या जागेवरून टेम्पो जायचा, तेव्हा हा खिडकीतून दुसरीकडे बघायचा. “आमच्या आईचं या घरात काय हाय? एक फोटो!” असं तो वर्षातून एकदा तरी म्हणायचा.

तर सरू गेली, पाऊस सुरू झाला, आणि जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसायला लागला. कापूस कसला, कीड ती! हिरामणनं सल्ला विचारला. सोसायटीत सल्ला विचारणं म्हणजे टाकीचा नळ उघडा सोडणं. विमलबाई म्हणाल्या साबणाचं पाणी. दुसऱ्या मजल्यावरच्या दाजींनी तंबाखू भिजत घालून ते पाणी मारायला सांगितलं, वर तंबाखू स्वतःच्याच डबीतून दिली. चेअरमन आदर्श, वयानं लहान पण मोबाईलमुळे सर्वज्ञ, आंबट ताक आणि हिंग म्हणाला. आणि कंपनीतला रितेश म्हणाला, “सर, आधी झाडाला ताकद द्या. थोडा युरिया टाका.”

शहाण्या माणसानं यातला एक उपाय केला असता. पण धाटावला जन्म काढलेल्या माणसाला एक खोड असते. चार पदार्थ समोर आले की त्यांची एक बॅच काढावीशी वाटते. रविवारी सकाळी हिरामणनं हातमोजे घातले, सेफ्टीचा चष्मा लावला आणि बादलीत साबण, तंबाखू, ताक, हिंग आणि युरिया असं सगळं क्रमानं सोडून लाकडी काठीनं घड्याळ लावून ढवळलं. वासानं वरच्या मजल्यावर कुणीतरी खिडकी लावून घेतली. मग ती सबंध बादली त्यानं जास्वंदीला पानांवरून आणि मुळांत अशी दोन हप्त्यांत पाजली.

कीड मेली, यात शंकाच नाही. पण तिच्यामागोमाग पानंही गेली. आधी पिवळी पडली, मग गळली, मग फांद्या काळ्या पडल्या, आणि आठवडा संपायच्या आत कुंडीत नुसती काटकी उरली. हिरामणनं नखानं साल खरवडून बघितली. आत हिरवं काही नव्हतं. तो गॅलरीत स्टुलावर बसला. सासूची बरणी फुटली असती तरी चाललं असतं. हे मात्र बायकोनं निघताना बजावून सांगितलेलं एकच काम होतं.

संध्याकाळी फोन आला. “जास्वंद कशी हाय?”

“मजेत.”

“फोटो पाठवा ना.”

हिरामणनं मोबाईलमधून जुना एक फोटो शोधून पाठवला. झाड त्यात असं काही टवटवीत दिसत होतं की त्याला स्वतःलाच रडू येईल असं वाटलं. सरूनं “छान” एवढंच उत्तर पाठवलं. फोटोच्या कोपऱ्यात दिवाळीचा आकाशकंदील लोंबत होता, हे त्याला नंतर कळलं, आणि फार नंतर.

मग त्यानं प्रतिक्षाला फोन लावला. ती शाळेत विज्ञान शिकवते. सहज विचारल्यासारखं करून तो म्हणाला, “काय गो, आपल्या जास्वंदीचं बी कुठं मिळंल?”

“तिला बी धरतच नाही, बाबा. इतक्या पाकळ्या झाल्यात की बी धरायला जागाच उरली नाही. तिची फांदीच लावायची.”

“म्हणजे फांदी हे तिचं पोर?”

“पोर नव्हे हो! पोरात आई अर्धी, बाप अर्धा. इथं बापाचा संबंधच नाही. फांदी लावली की तेच झाड. तेच्या तेच, दुसऱ्या जागी.” एवढं बोलून ती “आई गं” म्हणाली, कारण बाळानं लाथ मारली होती. हिरामणला वाटलं, बघा, इकडे एका जीवासाठी डॉक्टर, सोनोग्राफी, हॉस्पिटल, दोन्हीकडच्या आज्या. आणि तिकडे नुसती काडी मोडून चिखलात खोचली की काम झालं. निसर्गानं माणसावर जरा अन्यायच केलाय.

पण त्या बोलण्यातून त्याला उजेड दिसला. तेच झाड! सोसायटीच्या बागेत, पाटीच्या बरोब्बर खाली, विमलबाईंनी सरूकडूनच आणलेली फांदी वाढून चांगली पुरुषभर उंच झाली होती. ती मिळाली की सासूबाई पुन्हा कुंडीत हजर.

आता फांदी मिळवायची कशी? नियमाप्रमाणे कमिटीकडे लेखी अर्ज, कारणासह. अर्ज स्वीकारायचा सेक्रेटरीनं, म्हणजे त्यानंच. पण स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करता येत नाही, हाही नियम त्याचाच. त्यामुळे तो कमिटीपुढे वाचावा लागणार. कमिटीत विमलबाई. आणि विमलबाई रोज दुपारी सरूशी फोनवर बोलतात. म्हणजे अर्ज केला की संध्याकाळपर्यंत डोंबिवलीला बातमी.

शिवाय दुसरंही एक होतं. आपल्याकडे बायकांचं ठाम मत आहे, की फांदी मागून आणली तर लागत नाही. चोरून आणलेलीच लागते. देणाऱ्यानं “घ्या” म्हणायचं नाही, नेणाऱ्यानं “नेते” म्हणायचं नाही. हिरामण या मताला आजवर हसत आला होता. आता मात्र त्याला त्यात काहीतरी शास्त्र असावंसं वाटायला लागलं. गरज पडली की माणसाला शास्त्र दिसायला लागतंच.

रविवारी दुपारी, सोसायटी जेवून आडवी झालेली असताना, बाहेर झिमझिम पाऊस लागलेला असताना, सेक्रेटरी हिरामण म्हात्रे छत्री घेऊन बागेत उतरले. छत्री तोंडापुढे आडवी धरली, पाटीकडे पाठ केली, आणि कटाकट तीन फांद्या मोडून शर्टात घातल्या. काळीज असं धडधडत होतं की बॉयलरचा अलार्म वाजला असता तरी त्याला ऐकू गेला नसता.

घरी येऊन त्यानं सगळी पानं काढून टाकली, काड्या नीट छाटल्या आणि कुंडीत खोचल्या. रात्री त्याला कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर आदर्शनं व्हिडिओ टाकला. “काल दुपारी एक इसम छत्रीआड लपून बागेतील फांद्या तोडताना सीसीटीव्हीत दिसत आहे. ओळख पटल्यास कळवावे.”

अरे देवा! सीसीटीव्ही! तो कॅमेरा बसवायचा ठराव कुणी मांडला होता? ह्यानंच! कुठल्या कोनातून बसवायचा तेही ह्यानंच शिडीला हात लावून दाखवलं होतं. व्हिडिओत तोंड दिसत नव्हतं, हे नशीब. दिसत होती ती फक्त छत्री, पिवळीजर्द, कंपनीच्या सुरक्षा सप्ताहात वाटलेली. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘सुरक्षित रहा’ असं छापलेलं होतं.

हिरामण दिवसभर ग्रुपकडे बघत राहिला. कुणी काही लिहीना. दाजींनी नुसता हात जोडल्याचं चित्र टाकलं. शेवटी सेक्रेटरी गप्प का, असं कुणाला वाटू नये म्हणून त्यानंच लिहिलं : “प्रकार गंभीर आहे. कडक कारवाई करण्यात येईल.” त्यावर सोळा जणांनी अंगठा दिला.

कारवाईसाठी मीटिंग भरली. आदर्श म्हणाला, झाडं दाट झाली म्हणून चोराला आडोसा मिळतो, सगळी छाटून टाकू. आता नाही कसं म्हणायचं? नाही म्हटलं तर चोराची बाजू घेतल्यासारखं. हिरामणनं मान डोलावली. विमलबाई त्याच्याकडे बघून काहीतरी बोलणार होत्या, पण बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मशीनवाला आला आणि त्यानं बाग अशी काही भादरली की पाटी तेवढी उभी राहिली. जास्वंदीचं खोड वीतभर उरलं होतं, तेही पुढच्या मुसळधारेत कुजलं.

“कुजू दे,” हिरामण स्वतःशी म्हणाला, “माझ्या तीन फांद्या हायत.”

त्या तीन फांद्या काही केल्या फुटेनात. तो रोज सकाळी चष्मा लावून बघायचा. एकदा रितेश घरी आला, त्यानं कुंडीकडे पाहिलं, मान वाकडी करून पुन्हा पाहिलं आणि म्हणाला, “सर, शेंडा खाली का घातलाय?”

“काय?”

“डोळे बघा ना फांदीचे. सगळे जमिनीकडं तोंड करून हायत. उलट्या लावल्यात तुम्ही.”

पानं काढल्यावर काडीचं वर-खाली कळलंच नव्हतं! ज्यानं मोठमोठ्या टाक्यांचे व्हॉल्व्ह अंधारात ओळखले, त्याला जास्वंदीचं डोकं आणि पाय ओळखता आले नाहीत. हिरामणनं फांद्या उपसल्या. त्या मऊ पडल्या होत्या. रितेश हसला नाही, आणि तेच जास्त लागलं.

इकडे प्रतिक्षाला मुलगी झाली. हिरामण डोंबिवलीला जाऊन नात बघून आला, पेढे वाटले, आनंदानं रडलाही. पण तो परत निघताना सरू म्हणाली, “गणपतीच्या आधी येते मी. बाळाला आईच्या जास्वंदीचं फूल दाखवायचंय,” आणि त्यानं हातातला पेढा तसाच डब्यात ठेवला.

आता एकच जागा उरली होती, जिथं जायची त्याची मुळीच इच्छा नव्हती. सासुरवाडी! कासू स्टेशनला उतरून खाडीच्या अंगाला गेलं की सरूचं माहेर. गोदूबाईंचं घर बंद होतं, पण शेजारी त्यांची थोरली बहीण बायजाबाई राहायची. जन्मभर मिठागरात राबलेली, आता ऐंशी ओलांडलेली, आवाज मात्र बांधापलीकडे जाईल असा. जावयानं सासुरवाडीला मानानं जायचं, पाटावर बसायचं. काडी मागायला जायचं? पण गणपती तोंडावर आले होते. हिरामणनं सुट्टी टाकली आणि गाडीत बसला.

बायजाबाई ओट्यावर वाल निवडत होती. “या जावयबापू! एकटंच? सरू कुठं हाय?”

हिरामणची नजर मात्र तिच्या मागे गेली. पडवीच्या कडेला, खाऱ्या वाऱ्यात, ती जास्वंद छपराला टेकली होती आणि फुलांनी भरली होती. फुलातून फूल निघालेलं, तेच ते. त्याला एकदम भरून आलं, आणि सबंध कहाणी, बॅच, छत्री, उलट्या फांद्या, सगळी त्यानं एका दमात सांगून टाकली.

म्हातारी हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, “गोदूची जास्वंद! अवो, ही गोदूची कुठली? ही तर तुमच्या आयची.”

“माझ्या आईची?”

“व्हय तर. तुमच्या लग्नाची बोलणी करायला आम्ही पेनला आलतो ना? तुमच्या अंगणात हिरीच्या काठाला हीच होती, सरू नांदायला यायच्या आधीच पावसात पडली ती. गोदूला ती लय आवडली. निघताना बाकीचे चपला घालत होते तवर हिनं मोडली एक फांदी नि घातली पदराखाली. मी म्हटलं, अगो गोदू, मागून घे की! तर म्हणते, मागितलेली लागत नाय. नि लग्न नाय जमलं तर मागायला तोंड कुठनं आणू?”

हिरामणला विहीर आठवली. विहिरीच्या काठाचं लालभडक काहीतरी आठवलं. पोरवयात कोण झाडाकडे बघतं? आई पहाटे त्याची फुलं परडीत काढायची, एवढंच डोळ्यांपुढे आलं.

“आईला कळलं नाही?”

“कळलं नाय कसं? दारातच उभी होती ती. गोदूचा हात फांदीवर नि तुमच्या आयची नजर गोदूवर. मी म्हटलं, झालं, आता काय सोयरीक होत नाय. तर तुमच्या आयनं काय केलं, तोंड फिरवलं, नि ‘अगो बाय, दूध उतू गेलं वाटतं’ म्हणत आत निघून गेली. चुलीवर दूध नव्हतंच. चहा तर आमचा कवाच झालता.” म्हातारीनं वालाचं सूप खाली ठेवलं. “गोदू वाटंत बोलली, बायजे, पोर हितंच द्यायची. अशा सासूच्या हाताखाली पोरीला कधी खाली मान घालायला लागायची नाय.”

पंचवीस-तीस वर्षं आपल्याच आईच्या झाडाला हिरामण ‘तुझ्या आईचं झाड’ म्हणून टोमणे मारत होता. आणि प्रतिक्षा म्हणालीच होती, पोर नव्हे, तेच झाड.

थोड्या वेळानं त्यानं नाक पुसलं आणि म्हणाला, “मावशी, एक फांदी—”

“गप!” बायजाबाई ओरडली. “तोंडातनं काढू नका. मागितली तर लागत नाय, किती वेळा सांगायचं?” ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दुसरीकडे बघत भिंतीशी बोलल्यासारखी बोलली, “तिकडं खालची एक फांदी मातीत दबून तिला मुळं सुटल्यात. कळ्या पन हायत. कोयता दाराच्या मागं असतो. मी आत जाते, दूध उतू गेलं वाटतं.”

हिरामणनं आयुष्यातली दुसरी चोरी दिवसाढवळ्या, मालकिणीच्या कोयत्यानं केली. मालकीण आत भांडी आपटून ‘मी इकडेच आहे’ असं कळवत राहिली.

सरू आली, सोबत प्रतिक्षा आणि बाळ. पिशव्या खाली ठेवायच्या आधी सरू गॅलरीत गेली. झाड कुंडीत ताठ उभं होतं, दोन कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या. हिरामण मागे उभा राहिला, तोंडावर उसनं बेफिकीर हसू.

“आधीची मेली ना?” सरू म्हणाली.

“कुणी सांगितलं?”

“आषाढात आकाशकंदील कोण लावतं?” ती मागे वळली. “आणि ती पिवळी छत्री मी नाय ओळखणार? सगळ्या सोसायटीनं ओळखली. विमलबाई म्हणाल्या, भाऊ उगाच लाजतील, म्हणून कुणी बोललं नाही.”

हिरामण स्टुलावर बसला. सोळा अंगठे त्याच्या डोळ्यांपुढे आले. अब्रू गेली ती गेलीच, पण सगळ्या बिल्डिंगनं मिळून ती झाकून ठेवली होती, हे त्याला आज कळत होतं.

“माझ्या हातून पण एकदा मेली होती,” सरू हळूच म्हणाली. “मावशीकडून आणून लावली. तुम्हाला पत्ता तरी लागला का?”

मग हिरामणनं तिला पेणच्या विहिरीची गोष्ट सांगितली. सरूनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे माझ्या आईनं तुमच्या आईची चोरली?”

“व्हय.”

“मग! म्हणून तर लागली,” सरू म्हणाली, आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

गणपतीच्या दिवशी पहिलं फूल उमललं. सरूनं ते काढून हिरामणच्या हातात दिलं. त्यानं आधी ते नातीला दाखवलं, मग फोटोतल्या आईला, आणि मग देवाला वाहिलं. येणाऱ्याजाणाऱ्याला सरू सांगत होती, “आमच्या सासूबाईंची जास्वंद हो!”

संध्याकाळी विमलबाई दर्शनाला आल्या. नमस्कार झाला, बाळाला बघून झालं, मोदक झाला. मग त्या “पाऊस थांबला का बघते” म्हणून गॅलरीत गेल्या आणि बराच वेळ तिथंच राहिल्या. बागेतली जास्वंद गेल्यापासून त्यांच्या देव्हाऱ्याला फूल नव्हतं. हिरामण प्रसादाचं ताट घेऊन मागोमाग निघाला होता, तो दारातच थबकला. विमलबाईंचा एक हात फांदीवर होता आणि दुसऱ्या हातानं त्या पदर सारखा करत होत्या. त्यांची मान वळली. दोघांची नजरानजर झाली.

“अरे, दूध उतू गेलं वाटतं,” हिरामण मोठ्यानं म्हणाला आणि वळून स्वयंपाकघरात गेला.

गॅस बंदच होता. त्यानं पातेल्यावरचं झाकण उचललं, पुन्हा ठेवलं, दोन वाट्या आपटल्या, आणि विमलबाई गॅलरीतून येऊन, दारात चपला घालून जिना उतरेस्तोवर तो बाहेर आला नाही.